अर्जांचे नमुने तयार करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या शासकीय-निमशासकीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत अर्जांचे नमुने तयार करणारे, मंजूर करणारे आणि संकेतस्थळावर चढवणारे सर्व अधिकारी व कर्मचारी

विषय : जुने छापील नमुने संगणकावर भरता येतील असे करण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं डीटीपीचं दुकान चालवते. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, ग्रामसभेच्या नोटिसा, आणि या सगळ्यांहून जास्त म्हणजे अर्ज. दुकान तहसील कार्यालयाच्या वाटेवर आहे. माणसं मोबाइल पुढे करतात, "ताई, एवढा फॉर्म काढून द्या." मी तो उघडते, आणि बहुतेक वेळा तो कागदाचा फोटो निघतो. झेरॉक्सची झेरॉक्स स्कॅन केलेली, कोपऱ्यात स्टेपलची खूण, मधोमध घडीची काळी रेघ. मी प्रिंट काढून देते, पेन देते, लोक माझ्याच बाकावर बसून भरतात. चुकलं की दुसरी प्रिंट.

हे इतकी वर्षं चाललंय की त्यात काही गैर आहे असं मलाही वाटेनासं झालं होतं. गेल्या जूनमध्ये एक मुलगा आला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, जन्मापासून दृष्टी नाही. स्वतःचा लॅपटॉप, त्यात एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. "मी भरून देते" म्हटलं तर म्हणाला, "भरायला मला येतं. माझा लॅपटॉप हा फॉर्म का वाचत नाही तेवढं सांगा."

त्याच्याकडे दोन फाइली होत्या. पहिली स्कॅन केलेली, तिच्यावर लॅपटॉप गप्प. फोटोत अक्षरंच नसतात, वाचणार काय! दुसरी मात्र भरता येणारी होती, रकान्यांत क्लिक करून टाइप करता येईल अशी. मला वाटलं, ही जमेल. त्यानं मला ऐकू यावं म्हणून इअरफोन काढला आणि टॅब दाबला. लॅपटॉप म्हणाला, "अनडिफाइन्ड." पुन्हा टॅब. "अनडिफाइन्ड अंडरस्कोर टू." पुन्हा टॅब. "अनडिफाइन्ड अंडरस्कोर थ्री." तो शांतपणे सतराव्यापर्यंत गेला आणि मला विचारलं, "ताई, यातल्या कुठल्या अनडिफाइन्डमध्ये नाव लिहू?"

हे का झालं ते मला त्याच क्षणी कळलं, कारण मी स्वतः तसंच केलेलं आहे. जुना नमुना फॉर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा आणि रकाने आपोआप शोधायचं बटण दाबायचं. रेघा दिसतील तिथे, रिकाम्या चौकटी दिसतील तिथे सॉफ्टवेअर भराभर निळे रकाने टाकतं. शेजारचा मजकूर वाचता आला तर त्यावरून रकान्याला नाव देतं, नाही आला तर "अनडिफाइन्ड". डोळ्यांनी बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. पान छान दिसतं, क्लिक केलं की टाइप होतं, काम झालं असं वाटतं. फाइल चढते.

म्हणून हे पत्र. तक्रार करण्यापेक्षा मला माझा अनुभव तुमच्यापुढे ठेवायचा आहे, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण आत्ता हेच काम करत असतील, आणि ते कुणी शिकवलेलं नसेल. मलाही नव्हतं.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयानं मला नऊ पानांचा एक अर्ज दिला. संगणकावर भरता आला पाहिजे आणि हुबेहूब जुन्यासारखा दिसला पाहिजे, एवढ्या दोन अटी. सोबत वर्डची फाइल होती, म्हणून मी खूश झाले. डिझायनर नावाच्या फॉर्म बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आत घेतली आणि पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, स्वल्पविराम, सगळी नऊ पानं तशीच.

डीटीपीत असलेल्यांना हे नवं नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्याकडे छपाईचं काम त्यानंतरही कित्येक वर्षं श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांवर चाललं. त्या फॉन्टांत 'क' दिसतो, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह साठवलेलं असतं. कागदावर छापायचं तेव्हा यानं काही बिघडत नव्हतं, आणि त्या काळी मराठी छपाई त्यांच्याच जोरावर उभी राहिली, ते ऋण मी मानते. पण अशी फाइल फॉर्मच्या सॉफ्टवेअरला दिली की त्याला पोटातलंच दिसतं. 'अर्जदाराचे नाव' हे शब्द त्यात नसतातच, मग रकान्याला ते नाव देणार कुठून?

तेव्हा पहिली विनंती : जुनी फाइल हातात आली की रकाने टाकण्याआधी तिच्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. मराठी दिसली तर पुढे जा. नाही दिसली तर मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यानंतर माणसानं ओळ न् ओळ वाचावी लागते, 'दुसऱ्या'तला अर्धा र आणि 'ज्ञ', 'द्ध' बिघडलेले सापडतात. मी ती नऊ पानं शेवटी पुन्हा टाइप केली. तीन दिवस गेले. आणि फाइल युनिकोडमध्ये असली तरी शक्यतो तिच्या पीडीएफवरून काम करू नका, मूळ फाइल मागवा. पीडीएफमधून मजकूर बाहेर काढताना पहिली वेलांटी आपली जागा सोडते आणि 'विद्यार्थी'ची वेलांटी 'व'च्या आधीच येऊन बसते. डोळ्यांना एवढंसं दिसतं, पण वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणि शोधायचं बटण दोन्ही तिथे अडखळतात.

आता 'हुबेहूब'बद्दल. तेव्हा मी लाइव्हसायकल डिझायनर वापरत होते. विंडोजवरच्या अॅक्रोबॅट प्रोबरोबर तो काही वर्षं येत असे. त्यात पीडीएफ आत घेताना दोन वाटा विचारल्या जात. एक, पानं जशीच्या तशी ठेवायची : जुनं पान मागे चित्रासारखं राहतं आणि वर रकाने बसवायचे. दुसरी, मजकूर आणि रेघा सुट्या करून घ्यायच्या, म्हणजे मजकूर बदलता येतो आणि मोठ्या उत्तराला जागा द्यायला रकाना वाढू शकतो. आजच्या सॉफ्टवेअरांत नावं वेगळी असतील, प्रश्न तोच असतो. मला हुबेहूब सांगितलं होतं, म्हणून मी पहिली वाट घेतली. पीडीएफ नव्यानं टाइप केलेल्या मजकुराची केली, पण रेघ न् रेघ जुन्या जागी ठेवली.

मग एकेक बाहेर यायला लागलं. छापील अर्जात नावासाठी छोट्या छोट्या चौकटी होत्या, एका चौकटीत एक अक्षर. मी तसाच कप्प्याकप्प्यांचा रकाना केला आणि तपासायला 'क्षीरसागर' टाइप केलं. कागदावर हे आडनाव पाच चौकटींत मावतं : क्षी, र, सा, ग, र. संगणकाच्या हिशेबात ती नऊ चिन्हं आहेत. क एका कप्प्यात, हलन्त दुसऱ्यात, ष तिसऱ्यात, वेलांटी एकटीच चौथ्यात ठिपक्यांच्या गोलाला टेकलेली. असं नाव छापलेला अर्ज कुणी स्वीकारणार नाही. एका अक्षराला एक चौकट ही सोय रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांसाठी झाली, मराठी नावासाठी ती वापरूच नका. आधारचे १२ अंक, पिनकोडचे ६ अंक, तिथे ती छान बसते. आणि 'जास्तीत जास्त २० अक्षरे' अशी मर्यादा घालताना हेही लक्षात असू द्या, की संगणक काना-मात्रा-वेलांट्याही मोजतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. अर्जात अर्जदाराचं नाव, पत्ता, सही असा एक भाग होता आणि शेवटी दोन साक्षीदारांसाठी अगदी तसाच. मी पहिल्या भागातले रकाने कॉपी करून खाली चिकटवले. साध्या पीडीएफ फॉर्ममध्ये एकाच नावाचे दोन रकाने असले, किंवा लाइव्हसायकलमध्ये ते 'ग्लोबल' म्हणजे सामाईक ठेवलेले असले, की एकात लिहिलेलं दुसऱ्यात आपोआप उमटतं. ही सोय पोचपावतीसाठी फार कामाची आहे, नाव एकदा लिहिलं की पावतीवर येतं. इथे मात्र अर्जदार स्वतःचाच साक्षीदार झाला, दोन्ही जागी. साक्षीदाराचं नाव बदलायला जावं तर वर अर्जदाराचं बदलायचं. आठवडाभर ती फाइल तशीच वापरात होती. एका आजोबांनी मुलाकडून भरून घेतलेला अर्ज परत आला, कारण पहिल्या पानावर त्यांच्या नावाऐवजी साक्षीदार असलेल्या शेजाऱ्याचं नाव छापलं गेलं होतं. त्यांचा हेलपाटा माझ्यामुळे झाला. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून रकान्यांना मी हातानं नावं देते. 'अर्जदार नाव', 'साक्षीदार एक नाव', 'साक्षीदार दोन नाव'. आणि टूलटिपच्या, म्हणजे रकान्यावर माउस नेला की दिसणाऱ्या सूचनेच्या, जागी पूर्ण वाक्य लिहिते, कारण वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तेच बोलतं : "अर्जदाराचे पूर्ण नाव, आधार कार्डावर आहे तसे." चाळीस-पन्नास रकान्यांच्या अर्जाला यात एक संध्याकाळ जाते, फार नाही. शिवाय टॅब दाबल्यावर पुढचा रकाना कुठला येतो तो क्रम तपासते, कारण दोन स्तंभांच्या पानावर सॉफ्टवेअर कधी आडवं जातं तर कधी उभं.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. त्या नऊ पानांत राहण्याचा पत्ता चार ठिकाणी विचारला होता. जमिनीचं क्षेत्र लिहायला एक रेघ, पुढे एकक नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, बोलण्यात एकर-गुंठे. कुणी त्या रेघेवर नुसता '१' लिहितो, त्याच्या मनात एकर असतो, टेबलावर तो हेक्टर वाचला जातो, म्हणजे अडीच पट. कागदावर कारकून विचारून दुरुस्त करतो. संगणकावर विचारणारं कुणी नसतं, रकान्यालाच विचारावं लागतं. म्हणून मी दोन रकाने केले, 'हेक्टर' आणि 'आर', आणि पत्ता एकदाच विचारून बाकी ठिकाणी आपोआप येईल असा केला. फाइल नेऊन दाखवली तर उत्तर मिळालं, "मॅडम, विहित नमुना आहे, एक रेघ हलवता येणार नाही."

मी त्या कार्यालयातल्या अव्वल कारकुनांना विनंती केली की नियमाचं मूळ परिशिष्ट मिळेल का. ते भले गृहस्थ, त्यांनी कपाटातून काढलं. परिशिष्टात अकरा मुद्दे होते. अर्जात एकतीस. उरलेले वीस कुणी, कधी घातले ते फाइलीत कुठेही नव्हतं. कधीतरी एका साहेबांनी एक ओळ वाढवली असेल, कधी दुसऱ्या योजनेचा नमुना समोर ठेवून टाइप केलेला असेल. वर्षानुवर्षं झेरॉक्स होत होत ते सगळंच विहित झालं होतं.

तर मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : जुना नमुना आत घ्यायचा ठरला की परिशिष्ट आणि अर्ज शेजारी ठेवून एकदा वाचा. नियमानं जी माहिती मागितलीय ती आणि तिचे शब्द सोडू नका. बाकी रेघेची लांबी, चौकटी, तोच पत्ता पुन्हा लिहायला लावणं, हे टायपिस्टच्या हातून झालेलं आहे आणि टायपिस्टला ते बदलू द्या. तुमच्या कार्यालयात हे काम करणारा संगणकचालक बहुधा कंत्राटी असतो. त्याला दिसत असतं की हा प्रश्न दोनदा आलाय, पण बोलायचा त्याला अधिकार नसतो. त्याला दोन दिवस आणि तेवढा अधिकार द्या.

याच वेळी अर्ज आजच्या नियमांशी जुळवूनही घेता येतो. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आला. जुन्या नमुन्यात 'संपूर्ण नाव (आडनाव प्रथम)' अशी एकच रेघ असते. ती तशीच आत घेतली तर लोकांनी काय लिहायचं? चार रकाने करा. जिल्ह्यांची यादी टाकताना पालघर आहे ना ते बघा, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला, आणि २०२३ मध्ये नावं बदललेले छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव नव्या नावांनी आहेत ना तेही. आयएफएससी कोडचा रकाना ११ चिन्हांचाच ठेवा. त्यातलं पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं, आणि माझ्या बाकावर बसलेली निम्मी माणसं तिथे इंग्रजी 'ओ' लिहितात. रकान्यानं तिथेच सांगितलं तर कुणाचे पैसे अडकणार नाहीत.

फाइल कुठल्या प्रकारात द्यायची, याबद्दलही थोडं. लाइव्हसायकलमध्ये होणारे अर्ज एक्सएफए नावाच्या रचनेचे असत. कंपनी व्यवहार मंत्रालयाचे ई-फॉर्म वर्षानुवर्षं त्याच रचनेचे होते. ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर उघडले की अर्जाऐवजी 'कृपया थांबा' एवढंच पान दिसायचं, आणि सीएंच्या ऑफिसांतली मुलं ठरावीक रीडर असलेला संगणक त्यासाठी राखून ठेवत. २०१७ मध्ये आलेल्या पीडीएफ २.० या प्रमाणानं ती रचना मोडीत काढली, आणि मंत्रालयानंही २०२२-२३ मध्ये बरेचसे फॉर्म थेट संकेतस्थळावर भरायचे केले. माझे स्वतःचे त्या काळातले कितीतरी अर्ज आज कुणाच्या मोबाइलवर उघडत नाहीत. म्हणून आता मी वर्डसारख्याच लिबरऑफिस रायटरमध्ये काम करते. मजकूर युनिकोडमध्ये, 'मुक्त'सारखा खुला फॉन्ट, तिथेच रकाने टाकायचे आणि पीडीएफ काढताना फॉर्म तयार करण्याची खूण करायची. पैसे लागत नाहीत, परवाना लागत नाही, आणि मूळ फाइल हाताशी राहते. उद्या नियम बदलला तर दहा मिनिटांत नवा नमुना. तयार झालेली फाइल साध्या अँड्रॉइड फोनवर उघडून, तीत मराठीत नाव लिहून, प्रिंट काढून बघा. रकान्याचा फॉन्ट देवनागरीचा नसेल तर तिथेच रिकामे चौकोन दिसतात आणि चूक आपल्याला घरातच सापडते.

एवढं सगळं करायला सांगण्याचा तुला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर माझा काही नाही. कायद्याचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम स्वरूपात उपलब्ध करण्याची जबाबदारी शासनावर टाकलीय. त्याखालच्या २०१७ च्या नियमांत संकेतस्थळावरची कागदपत्रं ई-पब (ई-पुस्तकांचा प्रकार) किंवा मजकूर ओळखता येईल अशा पीडीएफ स्वरूपात असावीत, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्या मुलाचा लॅपटॉप ज्या पानावर गप्प बसला, ते पान या कायद्यात बसत नाही.

त्या मुलाच्या अर्जाला तेव्हा चार दिवस मुदत होती. त्याच रात्री मी तो नमुना सुरुवातीपासून टाइप केला, त्रेचाळीस रकान्यांना नावं दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बोलावलं. त्यानं इअरफोन लावला आणि भरायला लागला. मध्ये एकदाच थांबून म्हणाला, "ताई, 'उत्पन्नाचा दाखला क्रमांक' दोनदा येतोय." खरंच दोनदा होता, मूळ नमुन्यातही. वीस-पंचवीस मिनिटांत त्यानं अर्ज पुरा केला, स्वतः एकदा सगळा ऐकून तपासला आणि म्हणाला, "आता प्रिंट द्या." सहीच्या जागी मी त्याच्या बोटाखाली पट्टी धरली, तेवढीच माझी मदत. खिडकीवरच्या ताईंनी अर्ज घेतला, शिक्का मारला, पावती दिली.

ती फाइल मी संबंधित कार्यालयाला ईमेलनं दोनदा पाठवली, मूळ फाइलीसह. संकेतस्थळावर अजून 'अनडिफाइन्ड'वालीच आहे. येत्या जूनमध्ये त्याला नूतनीकरणाचा अर्ज भरायचा आहे. त्याच्याआधी ती बदलावी. माझी फाइल वापरली तर माझं नाव नको, पैसेही नकोत. आणि तुमच्यापैकी कुणी अशा नमुन्यापुढे अडकून बसलं असेल, तर दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडं असतं. जुनी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन या, शेजारी बसून करू.

आपली नम्र,
एक डीटीपी व्यावसायिक